रूपीचं वाचन कच्चं आहे

वरचा पाडा, ता. तलासरी
१४ सप्टेंबर

ती. स्व. सुषमाआत्यास,
दक्षाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, रानशेतला घरी सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे आणि तुझ्या या भावानं अजून डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. मी फोनच केला असता. पण मागच्या वेळी मी इकडून वर्गाचं रडगाणं गात होते आणि तू कानाला मशीन लावून मला चिकूचा भाव सांगत होतीस. तेव्हा आपलं पत्रच बरं. इथला गाडीवाला नितीन रोज त्याच्या इको गाडीतून तलासरी ते डहाणू रोड प्रवासी नेतो. तो सरावलीला तुझ्या दारात पत्र देईल, उत्तरही त्याच्याच हाती दे.

आत्या, माझी लाज गेली. परवा केंद्रप्रमुख शाळेत आले होते. मी दुसरीतल्या रूपीला उभं केलं. ही पांड्या आणि कमळीची थोरली, वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोर. तिनं धडा असा खणखणीत वाचला की साहेब मान डोलवायला लागले. मग त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. आतल्या बंद पानांवरचा मजकूरही रूपीनं, भलत्याच चित्राखाली बोट फिरवत, सलग म्हणून टाकला होता. जाताना साहेब एवढंच म्हणाले की बाई, पोरं पाठांतर छान करतात तुमची.

ते गेल्यावर मी फळ्यावर ‘बस’ लिहिलं. रूपीनं ब ओळखला, स ओळखला. दोन्ही मिळून काय होतं विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग अंदाजानं म्हणाली, झाड. सगळ्या वर्गाची हीच तऱ्हा. अक्षरं येतात, बाराखडी घडाघडा येते, पण दोन अक्षरं एकमेकांना लागत नाहीत. मी वर्षभर जे वाचन समजत होते ती निव्वळ पोपटपंची होती.

आणि आता खरी गोष्ट. दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी घरं वीटभट्टीवर जातात, ते तुला सांगायला नको. गेल्या वर्षी रूपी तिच्या आजीजवळ, हिराबाईजवळ, मागे राहिली होती. यंदा घरात तिचा तान्हा भाऊ चैत्या आलाय, नावाप्रमाणे चैत्रातला. कमळी विटा थापणार, मग त्याला धरणार कोण? पांड्या शाळेत येऊन सांगून गेला की दोन वरसं पोरीला शाळेत धाडली, तिला दुकानावरचं नावपण वाचता येत नाय, मंग हितं बसून काय करंल, भावाला तरी धरंल. आणि आत्या, तो खोटं बोलत नव्हता.

डी. एड.ला आम्हाला अक्षरं शिकवायला शिकवलं, पुठ्ठ्याची साधनं कापायला लावली. पण सुट्या अक्षरांचा शब्द नक्की कुठं होतो ते कुणी सांगितलंच नाही. मी स्वतः कशी शिकले तेही आठवत नाही. तू तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलास. मला काहीतरी सांग, आणि दिवाळीच्या आत सांग.

उत्तराची वाट पाहते. माया आहेच, पण आत्ता थोडी जास्त लागेल.

तुझी,
दक्षा


सरावली
१९ सप्टेंबर

चि. दक्षास,
सुषमाआत्याचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोरांना वाचता येत नाही हे खरं, पण तुझं अक्षर बघता त्यांचीच सगळी चूक म्हणता येणार नाही. नितीनबरोबर सुके बोंबील पाठवते आहे, धाकट्या डहाणूच्या बाईकडून घेतलेत. त्याला वाटेत पिशवी उघडू देऊ नकोस. आणि माझ्या कानांची चेष्टा पुरे, चिकूचा भाव तूच विचारला होतास.

आता ऐक. तू मुलांना अक्षरं कशी म्हणायला लावतेस ते लिहिलं नाहीस, तरी मी पैजेवर सांगते. क कमळाचा, म मगरीचा, फळ्यावर छडीची टकटक आणि सगळा वर्ग एका सुरात. बरोबर ना? अगं, मग फळ्यावर क आणि म शेजारी दिसले की पोराच्या डोक्यात तळं उभं राहतं आणि तळ्यात मगर. त्यातून शब्द कसा निघावा? आधी तो तक्ता भिंतीकडे तोंड करून लाव. अक्षराला नाव नको, चित्र नको, फक्त आवाज राहू दे.

दुसरं, ती टकटक बंद. प्रत्येक टकेला पोरं दम तोडतात. ओंजळीत पाणी घेऊन निघालेल्याला वाटेत तीनदा थांबवलंस तर घरी काय पोचणार? तिसरं अक्षर येईस्तोवर पहिलं सांडलेलं असतं. मग ती बिचारी तुझ्या तोंडाकडे बघून काहीतरी ठोकून देतात.

तिसरं, सुरुवात क, ट, प यांनी करू नकोस. ती अक्षरं फुटतात आणि संपतात, धरून ठेवता येत नाहीत. म, न, र, ल, स घे. ओठ मिटून म म्हणून बघ, श्वास पुरेल तोवर चालतो. तो तसाच चालू ठेवून तोंड उघडलं की मा होतो, मध्ये कुठं फट नाही. कान गेल्यापासून मी लोकांच्या तोंडाकडे बघूनच बोलणं समजून घेते. त्यामुळे आता मला पक्कं माहीत आहे की बोलताना कुणी अक्षरं सुटी सोडत नाही. ती एकात एक ओतलेली असतात. आपण मास्तर मंडळी ती फोडतो आणि मग पोरांना जोडायला सांगतो.

शब्द त्यांच्या घरातले घे, दोनच अक्षरांचे. रस, मासा, लाल, नाला. अननस आणि ऐरण राहू देत. पाड्यावर ऐरण कुणी पाहिली आहे?

धीर सोडू नकोस. अमृतला सांग, गुडघा दाखवला नाही तर बहीण म्हणून मी येऊन दाखवीन. लोभ आहे म्हणूनच ओरडते.

तुझी आत्या,
सुषमा


वरचा पाडा
६ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बोंबील पोचले, म्हणजे उरलेले पोचले. नितीन म्हणतो की पिशवी आधीपासूनच फाटकी होती.

तक्ता उलटा केला, छडी कपाटावर टाकली. मध्ये एकदा भूकंपाच्या धक्क्यानं जमीन हलली, तेव्हापासून पोरं छपराखाली बसायला बिचकतात, म्हणून वर्ग अंगणातच घेते. तिथं सगळे मिळून मऽऽऽ करत बसलो की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघतात. पण आत्या, लागू पडलं! सुदाम म्हणून एक आहे, कायम नाक पुसत असतो, ज्याच्याकडून मला काडीची आशा नव्हती. त्यानं परवा ‘रस’ ओढत ओढत म्हटलं आणि अचानक त्याला तो शब्द ऐकू आला. जिभल्या चाटत त्यानं तो पुन्हा म्हटला. त्याच्यामागून आणखी चार-पाच जणांचं गाडं चालू लागलं.

रूपीचं मात्र नाही. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच मागे राहिली. मला आता कळतंय ते असं की तिचं पाठांतरच तिच्या आड येतंय. तिला कधी चुकायची सवय नाही. सुदाम रोज दहा वेळा चुकतो, त्याला अकराव्या चुकीचं काही वाटत नाही. ही मात्र पहिलं अक्षर नीट म्हणते, मग सगळे बघताहेत हे तिच्या लक्षात येतं आणि ओठ मिटतात. पूर्वी झाड, घर, काहीतरी म्हणायची तरी. आता तेही नाही.

परवा मी तिच्यावर ओरडले. सुदामला येतं आणि तुला येत नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाले. काल ती शाळेत आली नाही. आजपर्यंत पावसात, तापात कधी चुकली नव्हती. मी घरी गेले तर चैत्याला काखेला मारून अंगणात उभी होती, भट्टीवर जाण्याची तालीम करत असल्यासारखी. 

तिथंच मी पांड्याला गाठलं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला येते, त्या दिवशी रूपी वाचून दाखवील, मग तिला आजीजवळ ठेवाल ना, असं विचारलं. तो म्हणाला की आधी वाचू तं दे बाय, मंग बघू. कमळी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. मी ते वचन धरून चालले आहे. धरायला दुसरं आहे काय?

आत्या, मी हात टेकले आहेत. रात्री डोळे मिटले की तिचे मिटलेले ओठ दिसतात. आणखी काही असेल तर लवकर लिही.

तुझीच,
दक्षा


सरावली
१० ऑक्टोबर

चि. दक्षास,
आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

सगळ्यांसमोर दुसऱ्याचं नाव घेऊन बोललीस, हे वाचून तुझा कान धरावासा वाटला. जा आणि तिला घरून घेऊन ये. माफी मागायची तर शब्दांत मागू नकोस, ती घाबरेल. तिच्या शेजारी बसून थोडा वेळ चैत्याला मांडीवर घे, तिला कळेल.

मंग बघू हे वचन नव्हे गं. मंग बघू म्हणजे मंग बघूच. पण बुडत्याला काडी मिळाली तर मी ती काढून कशाला घेऊ.

रूपीला प्रश्न विचारणं बंद कर. ही पोर तोंडानं हुशार आहे आणि तोंडानंच अडली आहे, तेव्हा तिचं लक्ष तोंडावरून काढ. अंगणात वर्ग घेतेस ना? मग जमिनीवर दोनच अक्षरं काढ, मोठी, हातभर अंतरावर. तिला पहिल्या अक्षरावर अनवाणी उभी कर. आवाज सुरू झाला की पाय घासत पुढच्या अक्षराकडे न्यायचा. पाय उचलायचा नाही आणि आवाज तोडायचा नाही, एवढाच खेळ. चिखलणीच्या शेतात चालताना पाय कसा ओढतात, ते तिला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. पोचली की काय झालं म्हणून विचारू नकोस. तू तोंड दुसरीकडे कर. बाकीच्यांना घरी पाठवून हे कर, कुणी बघायला नको.

जमेल असं छातीठोक सांगत नाही. काही पोरांना वेळ लागतो आणि वेळच तर तुझ्याजवळ नाही. मला इथं बसून भात गिळवत नाही, त्यात शेजारीण विचारते की कुणाचं काय झालं. काय सांगू तिला, की एका पोरीची दोन अक्षरं जुळत नाहीत म्हणून?

काय होतं ते ताबडतोब कळव. माझा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

आत्या


वरचा पाडा
२९ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. आणि एक घट्ट मिठी.

रूपी वाचते! आधी हे लिहून टाकते, मग पुढचं.

आठवडाभर रोज शाळा सुटल्यावर आम्ही दोघीच अंगणात. मी चुन्यानं अक्षरं काढायची, तिनं पाय घासत जायचं. पहिले दिवस नुसतीच धूळ उडाली. ती पाय ओढायची, आवाज ओढायची, पोचायची आणि परत यायची. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे पाठ करून उभी राहायची. खरं तर डोळे भरून यायचे म्हणून.

एके दिवशी ‘रा’ आणि ‘न’ काढले होते. मागून राऽऽऽ ऐकू आलं, पाय घासल्याचा आवाज आला, मग न. मी वळले नाही. थोड्या वेळानं हळू आवाजात, स्वतःशीच म्हटल्यासारखं, आलं की रान. वळून बघते तर रूपी शाळेमागच्या डोंगराकडे बघत होती, जणू कुणी तो आत्ताच तिथं आणून ठेवलाय. मग माझ्याकडे बघून तिनं तिकडं बोट केलं आणि पुन्हा म्हणाली, बाई, रान. 

त्यानंतर तिला अडवणं कठीण झालं. अक्षरं, काने, मात्रा सगळं आधीच पाठ होतं, फक्त दार बंद होतं. आता ती दिसेल ते वाचते. तेलाची पिशवी, औषधाची बाटली, नितीनच्या गाडीवरचं नाव. पाय घासायची सवय मात्र गेली नाही. बसून वाचतानाही अंगठा जमिनीवर सरकत असतो.

काल वाघबारस. ठरल्याप्रमाणे मी घरी गेले. पांड्याला माझ्या पुस्तकावर विश्वास नव्हता, ते तर पोरीला पाठ आहे म्हणाला. त्यानं आतून तलासरीच्या बाजारातली कापडी पिशवी आणली. रूपीनं वाचलं, सागर साडी. त्याला तरी पटेना, म्हणून शेजारून खताची गोणी आली. तीही झाली. मग कमळीनं काही न बोलता आपला हात पुढं केला. लहानपणी महालक्ष्मीच्या यात्रेत गोंदवून घेतलेली अक्षरं आहेत त्यावर, हिरवी, पुसट. रूपीनं आईच्या हातावर बोट ठेवलं आणि न उचलता शेवटापर्यंत ओढत नेलं. कमळी. आत्या, त्या बाईनं हात किती तरी वेळ मागे घेतला नाही.

पांड्या तर वेडाच झाला. शेजारपाजारच्यांना हाका मारून बोलावलं, रूपीला ओट्यावर उभं करून पुन्हापुन्हा वाचायला लावलं. कोंबडी कापली, मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी सुखानं रडत जेवले. आता सुट्टी लागली आहे, रानशेतला जाते आणि आठ दिवस झोपते. बाबांना गुडघा दाखवायला नेईन, आज मला काहीही जमेल असं वाटतंय.

तुझे पाय धरावेसे वाटतात. लोभ कमी होणार नाही हे माहीत आहे, तरी मागून ठेवते.

तुझी,
दक्षा


रानशेत
७ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास,
नमस्कार.

रूपीला नेलं.

काल दुपारी नितीननं येऊन सांगितलं की वरच्या पाड्यावर भट्टीचा ट्रक लागलाय. तशीच त्याच्या गाडीत बसून गेले. भांडी, कोंबड्या, गोधड्या चढवणं चालू होतं आणि गोधड्यांवर रूपी चैत्याला घेऊन बसलेली होती. मी पांड्याला विचारलं की असं कसं, तुम्ही कबूल केलं होतं. तो गोंधळला. त्याला खरोखर कळेना मी का चिडले आहे. म्हणाला की बाय, तुमी म्हनली वाचाया शिकवते, तं शिकवली. पोरगी वाचते, पुऱ्या पाड्यानं ऐकलं. काम झालं ना? आता शाळेचं काय काम?

तो लबाडी करत नव्हता गं. लबाडी असती तर भांडले असते. त्यानं माझ्या हातात दोन मोठ्या काकड्या ठेवल्या, शेतातल्या, चांगल्या निवडून आणलेल्या, आणि वाकून नमस्कार केला. मी शाळा म्हणजे काय, पुढं काय असतं, चौथी, दहावी, काय काय सांगत राहिले. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. कमळीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ट्रकमध्ये चढली.  गोधड्यांवरून रूपी आधी बापाकडे बघत होती, मग माझ्याकडे. तिला सगळं ऐकू येत होतं.

तिला वाचता आलं नसतं तर नेलं असतं, वाचता आलं म्हणूनही नेलं. मग मी केलं काय? माझ्या हातानं मी तिला शाळेतून बाहेर काढलं. महिनाभर राबून, तुझ्या युक्त्या विचारून काढलं.

काकड्या तशाच पडल्या आहेत. बाबा चिरू म्हणाले, मी नको म्हटलं.

दक्षा


सरावली
१२ नोव्हेंबर

चि. दक्षास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी तशीच बसले. चहा निवला, दारावर कुणी तरी हाका मारून गेलं म्हणे, मला कुठलं ऐकू येणार. मोठा शहाणपणा सांगायला बसले तर माझ्याजवळ काही नाही. अक्षराला अक्षर कसं लावावं ते मला येतं. बापाचं मन आणि पोरीची शाळा कशी जोडावी, ते येत नाही. तिथं पाय घासून चालत नाही.

पांड्याला शिव्या घालाव्याशा वाटल्या, पण त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचं काय चुकलं? विहीर खणायला माणूस लावला, पाणी लागलं, आता त्याला खणतच राहा असं कोण म्हणेल? वाचता येणं हे कशाची तरी सुरुवात असते, हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही.

तुझं केलेलं फुकट गेलं असं मी म्हणू देणार नाही. पण आता हे बोलून तुझं दुःख हलकं होणार नाही, तेव्हा बोलत नाही. एकच सांगते. रड, चीड, पण जाऊन तिला भेटून ये. काही होणार नसलं तरी जा. आपल्यासाठी कुणीतरी एवढ्या लांब आलं होतं, एवढं तरी पोरीला कळू दे. काकड्या चिरून खा, अन्नावर राग काढू नये.

मी आहे. हातपाय चालतात तोवर आहेच.

तुझी आत्या


वरचा पाडा
९ डिसेंबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल भट्टीवर जाऊन आले. वसईच्या पुढं आत कुठंतरी आहे. नितीननं गाडी काढली, पैसे घेईना, म्हणाला आत्याकडून बोंबील घेईन.

मी पोचले तेव्हा पांड्या विटा रचत होता. मला बघून त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं काही वाईट झालं. मग त्यानं सगळ्यांसमोर माझी जी खरडपट्टी काढायला सुरुवात केली, ती ऐकून घेण्याशिवाय इलाज नव्हता. भट्टीवर आल्या आल्या त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं की माझी पोरगी वाचते. मुनीमजी हसला, म्हणून यानं साच्यातून काढलेली ओली वीट रूपीसमोर धरली. विटेवर मालकाच्या नावाची अक्षरं उठलेली असतात. वाच म्हणाला. रूपी गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पोरगी ठोंब्यासारखी उभी. चार माणसांत नाक कापलं बाय तुमी माझं, असं म्हणाला. महिनापन टिकलं नाय तुमचं शिकवनं.

मला खरं वाटेना. मी रूपीला जवळ घेतलं, बोटानं मातीत ‘रान’ लिहिलं. तिनं अक्षरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पाय जागचा हलला नाही. आत्या, तो क्षण मी तुला सांगू शकत नाही. एकदा जुळलेलं असं सुटतं का गं? मला वाटलं भट्टीच्या धगीनं, उपाशीपोटी, चैत्याला वाहून वाहून या पोरीच्या डोक्यातून सगळं निघून गेलं. मी आजूबाजूला जमलेल्या बायाबापड्यांसमोर मान्य केलं की हो, माझंच शिकवणं कमी पडलं. घाईघाईत केलं, कच्चं राहिलं.

कच्चं म्हटल्यावर पांड्या थांबला. ही गोष्ट त्याच्या कामातली होती. तो म्हणाला की भाजलेली वीट फुटली तं फेकून द्यावी लागते, पन कच्ची मोडली तं परत मळून साच्यात घालता येते. पोर कच्ची हाय ना? मंग घेऊन जा, पक्की करून द्या. मी म्हटलं की चैत्याचं काय. तेव्हा कमळी मान वर न करता म्हणाली की झोळी बांधीन, बाकीच्या बाया बांधतातच की. आणि झोपडीतून रूपीचं बोचकं आणून तिनं गाडीत ठेवलं.

रूपी मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली. गाडी हायवेला लागली. मी खिडकीतून बाहेर बघत मनात जुळवत होते की पुन्हा म पासून सुरुवात, पुन्हा चुना, पुन्हा दोन अक्षरं. रस्त्यावरची मोठी निळी पाटी आली. शेजारून आवाज आला, मनोर. मी वळले. ती पाटीकडे बघत होती. मग दुकानं, ढाबे, पंक्चरवाला, सगळं भराभर, एकही न सोडता, महिनाभर दाबून धरलेलं उतू गेल्यासारखं. चारोटी आलं तोवर तिचा घसा बसला होता. नितीननं गाडी बाजूला घेतली, कारण त्याला पुढचं दिसेना.

मी तिला विचारलं की मग तिथं का नाही वाचलंस. ती म्हणाली की वाचलं म्हनून नेलं. नाय वाचलं म्हनून सोडलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते बोचकं पांड्या हो म्हणण्याच्या आधीच बांधलेलं होतं. ती कमळी, जिला मी दोन महिने मुकी समजत होते!

रूपी आता हिराबाईजवळ आहे, आज शाळेत पहिल्या रांगेत बसली होती. पण पावसाआधी पांड्या परत येईल आणि पहिला प्रश्न विचारील की झाली का पक्की. काल तलासरीची पाटी वाचून झाल्यावर रूपीनं मला त्याचंच विचारलं. बाई, बापासमोर किती दिवस नाय वाचायचं? आत्या, या पोरीचे ओठ उघडावे म्हणून मी जिवाचं रान केलं आणि आता तिला बापासमोर ते मिटायला शिकवायचं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं की दहावीपर्यंत. तिनं तिसरी, चौथी करत बोटं मोजली, मोठ्या माणसासारखी मान हलवली आणि बरं म्हणाली.

पाड्यावर बातमी माझ्याआधी पोचली होती. आज सकाळी पाणी भरताना बाया एकमेकींना सांगत होत्या की या बाईचं शिकवणं टिकत नाय. सुदामच्या आईनं तर मला तोंडावर विचारलं की आमच्या पोराचंबी कच्चंच हाय का. मी म्हटलं, हो, कच्चंच आहे, दहावीपर्यंत पाठवत राहा.

लोभ असू दे, आत्या. इथून पुढं चांगली शिकवते असं नाव होण्याची आशा नाही, तुझा लोभ तेवढाच राहील.

तुझी,
दक्षा